कुणालाही न दिसणारं लपण

इंग्लंडातल्या सगळ्या सफोक परगण्यात माझ्यासारखं लपण बांधणारा दुसरा माणूस दाखवा आणि मी मिशी उतरवतो! नाव नेव्हिल कॅचपोल. पोट भरायला आयुष्यभर टपाल वाटलं, आणि उरलेला सगळा जन्म रानकबुतरांच्या मागे घालवला. कबुतर मारायला नेम लागतो असं तुम्हाला कुणी सांगितलं तर खुशाल हसा. नेम काय, जत्रेत फुगे फोडणाऱ्यालाही असतो. लागतं ते लपण, शिकाऱ्यानं दडून बसायची जागा! कबुतराला तुमची टोपी दिसली, नाक दिसलं, नुसती हालचाल दिसली की संपलं. ते पलीकडच्या तालुक्यात जाऊन जेवतं.

आता लपणाचे आमच्याकडे दोन पंथ आहेत. एक कीथ स्पिंकचा. हा कीथ दुकानातून हिरवी जाळी आणतो, चार काठ्या रोवतो, जाळी टाकतो आणि कमरेवर हात ठेवून म्हणतो, "झालं लपण!" लपण कसलं, परसात वाळत घातलेली चादर ती! वारा आला की फडफडते, पाऊस आला की अंगावर बसते. दुसरा पंथ माझा. कायमचं, नैसर्गिक, जिवंत लपण! ते बांधायचं नसतं, वाढवायचं असतं. या पंथात सध्या मी एकटाच आहे, पण त्याला इलाज नाही.

मला हे सगळं सिद्ध करायची वेळ थर्लोबाईंमुळे आली. थर्लो फार्मवर कबुतरं मारायची परवानगी मला त्यांच्या वडिलांनी दिलेली, तोंडी, कुंपणाच्या फाटकावर हातात हात देऊन. वडील गेले आणि शेत लेकीकडे आलं. रोझलिंड थर्लो म्हणजे मोजकं बोलणारी बाई. गमबूट घालून चालत आली की तिची कुत्रीसुद्धा शिस्तीत उभी राहतात. तिनं ओढ्याकडच्या शेतात स्वतःच्या हिमतीवर वाटाणा घातला. शेजारपाजारचे म्हातारे शेतकरी म्हणाले, "पोरीला झेपायचं नाही." आणि कबुतरांनी ते खरं करायचा विडाच उचलला. पहिल्या वर्षी निम्मा वाटाणा त्यांच्या पोटात गेला!

"नेव्हिल," बाई म्हणाल्या, "या वर्षी तसंच झालं तर मी वाटाणा बंद करणार. आणि हे शेत शिकारीसाठी कीथला देणार. त्याच्याकडे जाळी आहे, खऱ्यांना भुलवायला यंत्रावर फिरणारी नकली कबुतरं आहेत, सोबतीला माणसं आहेत. तुमच्याकडे काय आहे?"

"माझ्याकडे लपण आहे, बाई! दोन हिवाळे वाढवतोय."

"मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी वाटाणा बघायला येते. कीथलाही आणते. वाटाण्याचे शेंडे जागेवर असले तर शेत तुमचं."

मी मान डोलावली खरी, पण मला दुसरं शेत नाही हो! या वयात कुणाच्या दारात उभं राहून "साहेब, तुमची कबुतरं मारू का?" विचारायचं? ते शेत गेलं की मी, सोफा आणि टीव्ही. शिवाय सोफ्यावर माझ्या बायकोची, लोरेनची, मांजर असते.

लपण मात्र झालं होतं अव्वल! ओढ्याच्या काठाला, कबुतरं ज्या वाटेनं उडत येतात बरोबर त्या वाटेखाली, मी विलोच्या ओल्या काठ्या गोल रोवल्या. विलो मोठा गुणी. उलटा रोवला तरी फुटतो. मधूनमधून काटेरी हॉथॉर्न लावला. चर्चच्या आवारातला आयव्हीचा वेल आणून वर चढवला. फांद्या एकमेकींत विणल्या. आत बसायला ओंडका, पुढे बंदुकीपुरती फट आणि मागून आत शिरायला एक चोरवाट. मे उजाडला तेव्हा कुंपणात लपण कुठं सुरू होतं आणि कुंपण कुठं संपतं ते देवालाही सांगता आलं नसतं.

मलाही सांगता आलं नाही. महिन्याच्या सुरुवातीला मी थर्लोबाईंना मोठ्या ऐटीत ते दाखवायला नेलं.

"कुठंय?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या समोर!"

"मला झुडूप दिसतंय."

"तीच तर गंमत! आता बघा हं, मी असा आत शिरतो आणि गायब!"

मी आत शिरलो. झुडूपच होतं ते. काटे, खाजरी पानं आणि पलीकडे थेट ओढा! कमरेइतक्या पाण्यातून मी वर आलो, तेव्हा बाई घड्याळ बघत होत्या.

"लपण चांगलंच झालेलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "तुम्हालासुद्धा सापडत नाही." आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र मी लपण शोधून काढलं, चोरवाटेला मनात खूण केली आणि पहाटेपासून आत बसलो. पुढे वाटाण्याचं कोवळं शेत, त्यात माझी नकली कबुतरं मांडलेली, मांडीवर बंदूक. स्वर्ग! शेताच्या कडेनं लोकांची पायवाट जाते, पण तिचा मला काय उपद्रव? मी तर दिसतच नव्हतो.

हॉथॉर्न फुलला होता. त्याचा वास नाकात गेला आणि मला शिंक आली. शिंक म्हणजे अशी की नकली कबुतरंसुद्धा दचकली असतील!

"देव भलं करो!" पायवाटेवरून आवाज आला. कुत्रं फिरवायला निघालेल्या म्हाताऱ्या गुडरमबाई होत्या.

आता कुणी भलं चिंतलं तर गप्प बसायची आमच्याकडे रीत नाही. आईनं कान पिळून शिकवलेलं असतं. "थँक यू, गुडरमबाई!" मी म्हणालो.

बाई दोन पावलं पुढे गेल्या. थांबल्या. वळून बघितलं. पायवाट रिकामी. शेत रिकामं. समोर फक्त झुडूप, आणि झुडपाला त्यांचं नाव ठाऊक! त्यानंतर गुडरमबाई ज्या वेगानं गावाकडे गेल्या तो वेग त्यांच्या कुत्र्यालाही झेपला नाही. ते मागून फरफटत गेलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, थर्लो फार्मचं कुंपण बोलतं! पबमध्ये कुणी म्हणालं, तिथं जुन्या काळी कुणाला तरी पुरलंय. कुणी म्हणालं, गुडरमबाईंनी शेरीची बाटली बदलायला हवी. मी खरं सांगून टाकलं असतं, पण लपणाची जागा सांगायची म्हणजे कीथला आमंत्रण! मी बिअरमध्ये नाक घातलं.

दोन दिवसांनी चर्चचे पाद्री आले. त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण गुडरमबाई चर्चमध्ये फुलं लावतात. त्यांना नाराज करून चालत नाही. पाद्रीबुवांनी इकडेतिकडे कुणी बघत नाही ना याची खात्री केली, झुडपासमोर उभे राहिले आणि घाईघाईनं एक छोटी प्रार्थना म्हटली. मी आत श्वास रोखून बसलो होतो. शपथेवर सांगतो, तोंड दाबून बसलो होतो! पण प्रार्थना संपली आणि जन्मभराची सवय आड आली.

"आमेन!" मी म्हणालो.

पाद्रीबुवांचं पुस्तक ओढ्यात पडलं. ते काढायलासुद्धा थांबले नाहीत ते!

मग काय, अर्धं गाव बोलकं झुडूप बघायला यायला लागलं. माणसं पायवाटेवर उभी राहून झुडपाशी गप्पा मारायला बघत. बंदुकीचा एक बार काढता येईना. शेवटी मी घरी येऊन लोरेनपाशी सगळं ओकलो.

"एवढंच ना?" लोरेन म्हणाली. चर्चचं महिन्याचं पत्रक तीच टाइप करते. "उद्याच छापायला जातंय. त्यात दोन ओळी टाकते. भुताचं भूत उतरेल आणि तुला शांतता मिळेल."

"जागा सांगू नकोस फक्त!"

"जागा सगळ्यांना ठाऊक आहे, नेव्हिल. तूच तेवढा चुकून ओढ्यात पडतोस."

तिनं लिहिलं: 'थर्लो फार्मच्या कुंपणात भूत नाही. तिथं श्री. नेव्हिल कॅचपोल यांनी रानपक्ष्यांसाठी कायमचं नैसर्गिक लपण तयार केलं आहे. ते रोज पहाटेपासून तिथं असतात.' वाचून मला अभिमानच वाटला. आणि खरंच गावातली माणसं यायची थांबली. शांतता झाली. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी पहाटे चोरवाटेनं एक डोकं आत आलं. हिरवी टोपी, हिरवा कोट, हातात चहाचा थर्मास. मागून तशीच हिरवी बाई, काखेत घडीचं स्टूल. "लपण हेच ना? आम्ही हॅलम. इप्सविचहून आलो. पत्रक आमच्या आत्यानं पाठवलं. बसलो तर चालेल?"

मला काय आनंद झाला! कपडे आमचे, थर्मास आमचा, कुजबुजणंही आमचंच. माझ्या लपणाची कीर्ती इप्सविचच्या शिकाऱ्यांपर्यंत गेली होती! मी ओंडक्यावर सरकून जागा केली. माझी बंदूक मागे पाल्यात टेकवलेली होती.

"आज काही मिळालं?" हॅलमसाहेबांनी हळूच विचारलं.

सकाळपासून एकही मिळालं नव्हतं. पण शिकाऱ्याला आकडा विचारला की त्याचं तोंड आपोआप उघडतं. "अकरा!"

"वा! काय काय?"

"काय काय म्हणजे? रानकबुतरं!"

"अच्छा. नुसती रानकबुतरंच," ते जरा पडेल आवाजात म्हणाले.

मला राग आला. नुसती म्हणे! इप्सविचला काय शहामृग येतात?

"तुमची कुठली?" हॅलमबाईंनी विषय बदलला.

"बर्मिंगहॅमची. वडिलांची होती. जुनी आहे, पण अजून दगा देत नाही."

"आमची जर्मन. इतकी छान आहे म्हणून सांगू! दोनशे यार्डांवरचा पक्षीसुद्धा सुटत नाही."

"दोनशे यार्ड!" माझा जबडा उघडाच राहिला. माझी बंदूक चाळिसाला दम टाकते. "आणि अचूक?"

"डोळ्याभोवतीचं कडं दिसतं!"

"पण मग खांद्याला दणका केवढा बसत असेल!"

"खांद्याला नाही हो, मानेला. म्हणून मी रुंद पट्टा घेतला."

मान! मी त्या नाजूक बाईकडे आदरानं बघितलं. मानेवर कसली तोफ ठेवत होती कुणास ठाऊक! "आणि पक्षी मिळाल्यावर काय करता?" मी विचारलं.

"लिहून ठेवतो. नर की मादी, काय खात होता."

"आणि मग?"

"मग काय, घरी जातो. पक्षी आपल्या जागी."

"म्हणजे तिथंच टाकून जाता?" आता मात्र मला राहवेना. मिळालेला पक्षी वाया घालवणं म्हणजे आमच्यात पाप! "घरी नेत नाही?"

"घरी?" हॅलमसाहेब हसले. "घरी नेऊन काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे! सोलायचा, कांद्यावर परतायचा, थोडं सफरचंद घालायचं, वरून कणकेची पारी आणि भट्टीत! लोरेन असा करते की बोटं चाटाल!"

हॅलमसाहेबांचा चेहरा त्यांच्या कोटासारखा हिरवा झाला. आणि मग बाईंच्या कोटाखालून ती 'जर्मन' बाहेर आली. दुर्बीण होती हो ती! चकचकीत दुर्बीण, मानेत रुंद पट्टा.

मला सगळा उलगडा झाला. पक्षी बघणारेही लपणात बसतात आणि पक्षी मारणारेही लपणात बसतात. शब्द एकच! आणि लोरेननं दोन ओळींत 'मारण्यासाठी' एवढाच शब्द गाळला होता.

एकमेकांना "बाहेर निघा" म्हणायचं कुणाच्याच तोंडून निघेना. आमच्या देशात ते बंदूक चालवण्यापेक्षा अवघड आहे. अखेर हॅलमबाईंनी घसा साफ केला आणि मरणाच्या सभ्यतेनं विचारलं, "सफरचंद... आंबट घेता की गोड?"

मी "आंबट" म्हणणार एवढ्यात आमच्या डोक्यावर, लपणाच्या अगदी छतातच, काहीतरी घुरघुरलं. घुर्रर्र, घुर्रर्र. हळू, झोपाळू आवाज. हॅलमसाहेबांनी माझा दंड असा पकडला की वळ उठला! त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"होला," ते पुटपुटले. "तांबूस होला! आफ्रिकेहून येतो. किती वर्षांत ऐकला नव्हता मी."

मी वर बघितलं. माझ्या हॉथॉर्नमध्ये, माझ्या आयव्हीखाली, काटक्यांचं विस्कटलेलं घरटं होतं आणि त्यावर ती तांबूस पाठ. खरं सांगतो, माझा हात आपोआप टोपीकडे गेला. लहानपणी हा आवाज आमच्या प्रत्येक कुंपणातून यायचा. उन्हाळ्याच्या दुपारी तोच ऐकत आम्ही गवतात झोपायचो. तो कधी थांबला ते मला कळलंच नव्हतं. जन्मभर कबुतरांच्या मागे फिरलेला मी, आणि मला कळलं नव्हतं!

पण आनंद ओसरला तसा दुसरा विचार आला आणि मी ओंडक्यावर बसलो तो बसलोच. घरटं असलं की हात लावायचा नाही, हा कायदा. लपणात आवाज करायचा नाही, बार काढायचा नाही, मला तर आत बसायचीही चोरी. आणि शनिवार आठ दिवसांवर! रानकबुतरं मारायला लपण बांधलं आणि त्यात कबुतराच्याच चुलत बहिणीनं संसार थाटला!

हॅलम दांपत्य अदबीनं बाहेर पडलं, आणि त्यांनी कुणाकुणाला सांगितलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी पायवाटेवर वीस माणसं. तिसऱ्या दिवशी मोजदाद सोडली. सगळी हिरवी, सगळी कुजबुजणारी, तीन पायांवर दुर्बिणी रोवलेल्या. होल्याला त्रास नको म्हणून सगळी झुडपापासून लांब, वाटाण्याच्या चारी कडांनी, रांग करून. नंबर लावून! पहाटे येत, अंधार पडला की जात. मी बंदूक घरी ठेवली आणि त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. एकानं मला दुर्बीण दिली. दुसऱ्यानं काकडीचं सँडविच दिलं. ते खाता खाता मी शनिवारला किती दिवस उरले ते मोजत होतो.

कीथ रोज मोटारीतून यायचा, खिडकी खाली करायचा. "काय नेव्हिल, बाळंतपण कसं चाललंय? पाळणा विणलास की नाही?"

"जा रे!"

"शनिवारनंतर जाळी इथंच लावीन म्हणतो!"

शनिवार आला. थर्लोबाई आल्या, मागून कीथ आला. बाईंनी गर्दीकडे बघितलं. ओठ आवळले. मी पुढे होऊन सगळं सांगितलं: होला, घरटं, कायदा, आणि एकही कबुतर मारलं नाही हेसुद्धा. "शेत कीथला द्या," मी म्हणालो. "मी वचन पाळू शकलो नाही."

बाई सरळ वाटाण्यात शिरल्या. वाकल्या. एक वेल बघितला, दुसरा बघितला. पार मधोमध जाऊन बसल्याच खाली. आम्ही सगळे बघत होतो. निम्म्या दुर्बिणी होल्यावरून त्यांच्यावर आल्या!

परत आल्या तेव्हा त्यांच्या गालांवर लाली होती. "एक शेंडा खाल्लेला नाही," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांत एक कबुतर उतरलेलं नाही या शेतात."

"कसं उतरेल?" कीथ ओरडला. "दिवसभर चारी बाजूंनी माणसं उभी आहेत! ही सगळी बुजगावणी हलली की उतरतील!"

"मग हलू द्यायची नाहीत," बाई म्हणाल्या. आणि त्या दिवशी मी थर्लोबाईंना पहिल्यांदा हसताना बघितलं. "कीथ, तुझ्याकडे घडीच्या खुर्च्या आहेत ना? जरा घेऊन ये. या लोकांचे पाय दुखत असतील."

जुलैत वाटाणा निघाला. भरून! वाटाणा काढायला तो विकत घेणाऱ्या कारखान्याची यंत्रं आली तेव्हा ते शेजारचे म्हातारे शेतकरी फाटकावर टेकून गुपचूप बघत होते. होल्याची दोन पिल्लंही उडाली होती. बाई माझ्याकडे आल्या आणि वडिलांसारखाच हात पुढे केला, त्याच फाटकावर. "शेत तुमचं, नेव्हिल. तुम्हाला हवं तितकी वर्षं. हिवाळ्यात होले आफ्रिकेला गेले की काढा बंदूक. आणि मला आणखी लपणं हवीत. नदीकडच्या शेतात एक, रस्त्याकडे एक. अशीच दाट."

मी इतका खूश झालो की त्यांचा हात सोडायचं विसरलो! "बांधतो, बाई! अशी बांधतो की कबुतराच्या बापाला दिसणार नाहीत!"

"हो, त्याबद्दलच एक तक्रार आहे लोकांची," बाई म्हणाल्या. "इप्सविचहून, नॉरिचहून येतात बिचारे आणि तासतासभर कुंपणात शोधत बसतात. रस्त्यावर एक पाटी लावाल का? बाणासकट."

पाटी मीच रंगवली. पांढऱ्यावर काळी, ठळक अक्षरं: 'लपण इकडे आहे.' लोरेन म्हणते, चर्चच्या मनोऱ्यावरूनसुद्धा वाचता येते.